रतनपूर : गर्दी टाळून, इतिहास पाहून

दुर्ग-भिलाईहून पुष्कळ कुटुंबे महामायेच्या दर्शनासाठी रतनपूरला नवरात्रात जातात. रांगेतच दिवस सरतो आणि गाव पाहावयाचे राहून जाते.

रतनपूर ही कलचुरी राजांची राजधानी. अकराव्या शतकात राजा रत्नदेवाने ती वसविली. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी ती जिंकली. पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी १७८७ पर्यंत येथूनच छत्तीसगडचा कारभार पाहिला. रामटेकडीवरील राममंदिर त्यांनीच बांधले.

येथील गर्दी पंचांगाप्रमाणे चालते. चैत्र व आश्विन ही दोन्ही नवरात्रे, माघी पौर्णिमेची जत्रा आणि शक्यतो रविवार टाळावा. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत हवा सुखद असते. जोडून आलेल्या सुट्ट्यांपेक्षा आठवड्याच्या मधल्या वारी घेतलेली एक रजा अधिक उपयोगी पडते.

आदल्या सायंकाळी रेल्वेने बिलासपूरला पोहोचून मुक्काम करावा. तेथून रतनपूर सुमारे २५ किलोमीटर आहे. सकाळी लवकर दर्शन, ऊन चढण्यापूर्वी रामटेकडी, नंतर किल्ल्याचे अवशेष आणि दुपारनंतर जवळचा खुंटाघाट जलाशय, असा क्रम ठेवल्यास ज्येष्ठांचीही दमछाक होत नाही.

नवरात्रातील दर्शनाचा ज्यांचा नेम आहे, त्यांनी तो अवश्य पाळावा. मात्र गाव पाहण्यासाठी वेगळी खेप करावी. छत्तीसगडात मराठी माणसे केव्हा आली, असे मुलांनी विचारल्यास ती हकिकत सांगण्यास रामटेकडीसारखी दुसरी जागा नाही.