काट्याचे छिद्र आपोआप कसे बुजते?

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे २० किलोमीटर गेले की लोणी काळभोर लागते. गावाच्या दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग आहे आणि तिच्या पायथ्याशी रामदरा. अशा कोरड्या माळावरून सायकल चालवणाऱ्याचे दोन वैरी असतात : बाभळीचा काटा आणि सराटा. सराट्याची तर गंमतच आहे. त्याचे फळ जमिनीवर कसेही पडले, तरी एखादा काटा वर रोखलेला राहतोच!

साध्या सायकलीत हा काटा टायरमधून आतल्या ट्यूबमध्ये घुसतो. मग पंक्चर काढायचे म्हणजे टायर उतरवा, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा, जागा घासा, सोल्युशन लावा आणि ठिगळ चिकटवा. पंक्चरच्या दुकानात हे ठीक. पण डोंगरावर पाण्याचे घमेले कोठून आणणार? १९९९ साली माव्हिक या फ्रेंच कंपनीने माउंटन बाइकसाठी ट्यूब नसलेल्या टायरची रचना बाजारात आणली. आज अशा ट्यूबलेस टायरमध्ये ६० ते १२० मिलिलिटर पातळ द्रव घालून ठेवतात. त्याला सीलंट म्हणतात. काट्याने पडलेले लहान छिद्र हा द्रव आपोआप बुजवतो. हे कसे घडते, ते आता पाहू.

चीक आणि दूध

वडाचे पान तोडले की पांढरा चीक बाहेर येतो आणि थोड्या वेळाने तेथेच घट्ट होतो. झाडाची जखम अशा रीतीने बंद होते. बहुतेक सीलंटमध्ये रबराच्या झाडाचा असाच चीक असतो. या चिकात रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण एकत्र येत नाहीत आणि चीक पातळ राहतो.

चीक तसाच ठेवला तर त्यात जीवाणू वाढतात, आम्ल तयार होते, कणांवरील भार नाहीसा होतो आणि चीक साकळतो. दूध नासते तसाच हा प्रकार! तो टाळण्यासाठी चिकात थोडा अमोनिया मिसळतात. अमोनिया आम्लाच्या विरुद्ध गुणाचा आहे.

आता टायरला छिद्र पडले अशी कल्पना करा. आतली हवा बाहेर धावते आणि द्रवाला छिद्राकडे ढकलत नेते. अरुंद वाटेत कण एकमेकांवर आदळतात. बाहेर येताच पाणी आणि अमोनिया उडून जातात. कण एकमेकांना चिकटून रबराची गुठळी बनते. द्रवात बारीक तंतू आणि कणीही घातलेली असते. मोरीच्या तोंडाशी केर अडकावा तसे ते तंतू छिद्रात आडवे अडकतात आणि गुठळीला आधार देतात. म्हणजे जी हवा पळून जाऊ पाहते, तीच आपली वाट बंद करणारा माल घेऊन येते.

किती मोठे छिद्र बुजेल?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. माउंटन बाइकच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम दाब असतो. पंक्चरच्या दुकानातील भाषेत २८ पौंड. बुचावर पडणारे बल म्हणजे दाब गुणिले छिद्राचे क्षेत्रफळ. छिद्राचा व्यास १ मिलिमीटर असेल, तर बल येते जेमतेम १६ ग्रॅम. व्यास ३ मिलिमीटर झाला की ते १४० ग्रॅम होते आणि ६ मिलिमीटर झाला की ५६५ ग्रॅम. व्यास दुप्पट केला की बल चौपट होते. काट्याचे छिद्र सहज बुजते, पण काचेने पडलेल्या चिरेतून द्रव नुसता उडत राहतो, तो यामुळेच.

माळावर पंक्चर काढताना

१. काटा दिसला की घाईने उपटू नका. तोच सध्या बूच आहे. आधी पंप आणि दुरुस्तीचे सामान बाहेर काढा.

२. काटा काढा आणि छिद्र तळाशी येईल असे चाक फिरवून थोडा वेळ थांबा. द्रव तेथे साचेल. फेस येणे थांबले की हवा भरा.

३. छिद्र मोठे असेल तर चिकट रबरी वात वापरावी. ती दाभणासारख्या हत्याराला अडकवून छिद्रात खुपसा, सुमारे १ सेंटिमीटर बाहेर राहू द्या आणि हत्यार झटकन मागे ओढा. महामार्गावरील दुकानांत स्कूटरच्या ट्यूबलेस टायरचे पंक्चर याच पद्धतीने काढतात.

४. टायरची बाजू चिरली असेल तर वात टिकत नाही. अशा वेळी टायर उघडून चिरेला आतून जुन्या टायरचा तुकडा लावा आणि ट्यूब घाला. त्यापूर्वी टायरच्या आतील बाजूवरून फडके फिरवा. ट्यूब नसताना टायरमध्ये रुतलेले कितीतरी काटे द्रवाने मुकाट्याने बंद केलेले असतात. ते राहिले तर नवी ट्यूब लगेच फुटेल.

ठिगळ बाहेरून न लावता आतूनच का लावायचे? बाहेरून लावलेल्या ठिगळाला आतली हवा उचलून काढू पाहते, तर आतून लावलेल्याला तीच हवा टायरवर दाबून धरते.

हा द्रव कायम टिकत नाही. छिद्र नसले तरी त्यातील पाणी हळूहळू उडून जाते आणि दोन ते सहा महिन्यांत तो सुकतो. एप्रिल-मेच्या उन्हात आणखी लवकर. म्हणून लांबच्या फेरीपूर्वी चाक कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर नवा द्रव भरा.

करून पाहा

१. कोमट दुधात लिंबाचे थेंब टाका. कण एकत्र येताना दिसतील.

२. वडाच्या चिकाचा थेंब दोन बोटांत चोळा. मिनिटभरात त्याचे लवचीक धागे निघतील. नंतर हात धुवा. या प्रयोगासाठी रुईचा चीक मात्र घेऊ नका. तो डोळ्यांना घातक असतो.

३. छिद्राचा व्यास ४ मिलिमीटर आणि दाब वरीलप्रमाणेच असेल, तर बुचावर किती बल पडेल? गणित करून वर्गात पडताळून पाहा.