नळाला पाणी बारीक का येते?

स्वयंपाकघरातील नळाला पाणी बारीक येऊ लागले की घरात तीन सूचना पुढे येतात. कुणी म्हणते, नळ बदला. कुणी म्हणते, भिंत फोडून नवा पाइप टाका. कुणी म्हणते, टाकी मोठी आणा. तिन्ही उपायांना पैसे पडतात, आणि कारण वेगळेच असेल तर पैसे खर्चूनही धार बारीकच राहते. रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हा नियम नळालाही लागू आहे. ही तपासणी तुम्हांला घरी करता येईल. त्यासाठी एक बादली, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि थोडे पदार्थविज्ञान पुरे.

प्रथम मोजा

दहा लिटरची बादली नळाखाली ठेवा. नळ पूर्ण सोडा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. मग साधारण तेवढ्याच उंचीवरील दुसऱ्या नळाला हेच करा. घरातले सगळेच नळ मंद असतील, तर दोष टाकीच्या उंचीत, मुख्य पाइपात किंवा टाकीखालच्या व्हॉल्व्हमध्ये शोधावा. एकच नळ मंद असेल, तर दोष त्या नळात किंवा त्याच्या फाट्यात आहे. नळ मधूनमधून फुरफुरत असेल, तर पाइपात हवा आहे. पाहा, एकही वीट न फोडता आपण शोधाचे क्षेत्र किती लहान केले!

पहिले कारण : उंची

पाण्याचा दाब टाकीत किती लिटर पाणी आहे यावर अवलंबून नसतो. नळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत उभी उंची किती, यावरच तो ठरतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भरतो. एकमजली घरात गच्चीवरच्या टाकीतील पाणी ओट्यावरच्या नळाहून साधारण तीन मीटर उंच असते. म्हणजे दाब मिळतो तो ०.३ किलोग्रॅम. पाचशे लिटरच्या टाकीऐवजी हजार लिटरची टाकी बसवली आणि पाण्याची पातळी तीच राहिली, तर दाब तसूभरही वाढणार नाही.

टाकीखाली एक मीटरचा चौथरा बांधला तर? उंची तीनाची चार होईल. पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून घर्षण सोडून दिले तरी वेग सुमारे १५ टक्केच वाढेल. याउलट अर्ध्या इंचाच्या पाइपाऐवजी पाऊण इंची पाइप घेतला, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि घर्षणही कमी होते. कोणता उपाय स्वस्त, हे आता तुम्हीच हिशेब करून सांगा.

उंचीचे हे महत्त्व मराठवाड्यातील जुन्या कारागिरांनी पुरेपूर ओळखले होते. मलिक अंबरने १६१० साली खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. या शहराला पाणी देण्यासाठी उत्तरेकडील डोंगरपायथ्यापासून भुयारी नहरी काढल्या गेल्या. त्यांतील नहर-ए-अंबरी प्रसिद्ध आहे. शहरातील पाणचक्कीला पाणी आणले गेले ते हर्सूलच्या बाजूच्या एका विहिरीतून. मातीच्या नळांतून काही किलोमीटर वाहत आलेले हे पाणी पाणचक्कीजवळ एका उंच भिंतीवर चढते आणि तेथून हौदात कोसळते. त्याच जोरावर पूर्वी तेथे जाते फिरत असे व धान्य दळले जाई.

पंप नसताना पाणी भिंतीवर कसे चढले? पुष्कळ लोक याला सायफन म्हणतात. परंतु सायफनमध्ये पाणी आपल्या उगमाच्या पातळीहून वर चढून मग खाली उतरते. येथे हर्सूलकडील उगमच भिंतीच्या माथ्याहून उंच आहे. बंद नळातून खाली उतरलेले पाणी आपली पातळी गाठण्यासाठी पुन्हा वर येते, एवढेच. गवंडी दोन भिंतींवर एका पातळीच्या खुणा करतो तेव्हा पारदर्शक नळीत पाणी भरतो ना? तेच हे तत्त्व.

आता उलट उदाहरण घ्या. शहराला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी येते. हा जलाशय शहरापेक्षा सुमारे शंभर मीटर खाली आहे. म्हणून तेथील पाणी पंपांनी चढवावे लागते आणि त्यासाठी अहोरात्र वीज खर्च होते. हर्सूलच्या बाजूने येणाऱ्या पाण्याचे हे काम गुरुत्वाकर्षणाने फुकट केले होते.

दुसरे कारण : अडकलेली हवा

जेथे रोज पाणी येत नाही तेथे टाकी मधूनमधून रिकामी पडते आणि पाइपात हवा शिरते. पाइप सरळ उतरता असेल तर ती निघून जाते. पण पाइप दरवाजावरून वळसा घेऊन पुन्हा खाली आला असेल, तर त्या उंचवट्यात हवा अडकून बसते.

एक प्रयोग करा. बोटाएवढ्या जाडीची, दोन-तीन मीटर लांबीची पारदर्शक नळी खिडकीच्या गजांना अशी बांधा, की दोन टोके वर, दोन ठिकाणी खोलगट भाग आणि मध्ये एक उंचवटा राहील. दोन्ही टोकांतून थोडे थोडे पाणी ओता. दोन्ही खोलगट भाग भरले की हवा उंचवट्यात कोंडली जाईल. आता एकाच टोकातून पाणी ओतत राहा. या टोकातली पातळी दुसऱ्या टोकाहून वर राहिलेली दिसेल. उंचवट्याच्या उतरत्या बाजूला पाण्याऐवजी हवा आहे. हवेला वजन नगण्य, म्हणून तेवढी उंची फुकट जाते. असे दोन-तीन उंचवटे असतील, तर टाकीची तीन मीटर उंची वाटेतच संपते आणि नळ कोरडा राहतो. येथे नळ बदलून काय होणार?

उपाय सोपा आहे. पाइपाला सलग उतार द्यावा. टाकीच्या खाली, व्हॉल्व्हच्या पुढे, एक उभी उघडी नळी जोडून तिचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीहून वर न्यावे. जुन्या नहरींच्या वाटेवर उभे असलेले पाण्याचे मनोरे तुम्ही पाहिले असतील. त्यांत पाणी वर चढून पुन्हा खाली उतरत असे आणि कोंडलेल्या हवेला वाट मिळत असे. गच्चीवरची ही नळी म्हणजे त्या मनोऱ्याचे धाकटे भावंडच होय.

तिसरे कारण : क्षार

एकच नळ मंद असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी काढून पाहा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी सुकले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते व पांढरा थर साचतो. हा थर पाण्यात विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड वायू. थर विरघळणाऱ्या कॅल्शियम ॲसिटेटमध्ये बदलत असतो. तेलकट चिकटा किंवा ऑइलपेंटचा डाग मात्र व्हिनेगरला दाद देत नाही. त्याला रॉकेल किंवा थिनरच लागते. जसा डाग, तसा द्रावक.

थोडी सावधगिरी

फरशीचे ॲसिड नळाला लावू नका. ते धातूच खाते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. प्लॅस्टिकचे पाइप जोडण्याचे सोल्युशन पाइपाचा पृष्ठभाग मऊ करून दोन तुकडे एकजीव करते. त्याची व थिनरची वाफ ज्वालाग्राही आणि हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत शेगडीपर्यंत पोचू शकते. म्हणून असे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, खिडक्या-दारे उघडून, शेगडी विझवून आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करूनच करावे. शेजारी देवापुढची समईही पेटती नसावी.

शिक्षकांनी वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला घरच्या नळाची उंची व बादली भरण्याचा वेळ लिहून आणायला सांगावे. फळ्यावर आलेख काढावा. काही बिंदू इतरांपासून दूर पडलेले दिसतील. ती घरे कोणती, आणि तेथे उंची, हवा व क्षार यांपैकी दोषी कोण, हे विद्यार्थ्यांनीच शोधून काढावे.