निदानानंतर डॉक्टरांशी बोलताना

चि. भाचीस,
जुने शहर, अकोला.


पत्रास कारण की, मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाल्यावर रुग्णाचे डॉक्टरांशी होणारे पहिले बोलणे बहुधा ‘हे बरे होईल का?’ या एकाच प्रश्नापाशी अडकते. या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू व डोळ्यांच्या नसांमधील तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते, त्यामुळे संदेशवहन मंदावते आणि दृष्टी धूसर होणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे अशी लक्षणे उद्भवतात. आजार समूळ घालवणारे औषध अद्याप नाही. तथापि 1993 मध्ये इंटरफेरॉन-बीटाला अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून नवे झटके कमी करणारी अनेक औषधे आली आहेत, म्हणून कोणते औषध, केव्हापासून आणि कोणत्या तपासण्यांनंतर, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या मिळत्याजुळत्या आजारात यांपैकी काही औषधे अपायकारक ठरतात. त्यामुळे तो वगळण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन-4 प्रतिपिंडांची रक्तचाचणी झाली आहे का, हेही विचारून घ्यावे.

एमआरआयमध्ये व्रण दिसतात, पण लक्षणे कधी आली आणि किती वेळ टिकली हे रुग्णालाच ठाऊक असते. नवे लक्षण ताप वा संसर्ग नसताना किमान 24 तास टिकले, तर त्यास झटका समजतात. उलट शरीर तापल्यामुळे जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात, त्यास जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांच्या नावाने ओळखले जाते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या अकोल्यात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. ‘मंगळवार, दुपारी 2, उजव्या डोळ्यापुढे धूसर, ताप नाही, कूलरसमोर बसल्यावर तासाभरात साफ’ एवढी एक नोंद बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत लांबलचक हकिकतीपेक्षा डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

सोबत घरचे माणूस असणे चांगलेच, कारण घाबरलेल्या मनाला निम्मे ऐकू येत नाही. मात्र लघवीवरचा ताबा, कमालीचा थकवा किंवा मातृत्वाचा विचार यांविषयी संकोच वाटत असेल, तर काही मिनिटे एकांतात बोलण्याची मुभा रुग्णाने निःसंकोच मागावी. औषध निवडताना गर्भधारणेचा विचार आधीच व्हावा लागतो, म्हणून तो विषय पुढे ढकलू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये या आजाराचा समावेश असल्याने प्रमाणपत्राची चौकशीही वेळेवर करावी.

तेव्हा पुढच्या भेटीला रिपोर्टांच्या फाइलीबरोबर नोंदींची वहीही न्यावी, न समजलेले पुन्हा विचारावे, आणि बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. कळावे.

मामांचे आशीर्वाद.