रायफलचे तोंड आणि नेमबाजाचे कान

रायफलची गोळी नळीतून बाहेर पडते त्याच क्षणी तिच्यामागे कोंडलेला तप्त वायू मोकळा होतो आणि काही अंतरापर्यंत गोळीलाही मागे टाकून पुढे झेपावतो. खांद्याला बसणारा झटका, नळीच्या तोंडाशी उठणारी ज्वाला आणि कानठळ्या बसवणारा धमाका या तिन्हींमध्ये या वायूचा मोठा वाटा असल्यामुळे, त्याची दिशा बदलण्यासाठी, त्याला विखुरण्यासाठी किंवा क्षणभर अडवून धरण्यासाठी नळीच्या तोंडावर आटे पाडून छोटी पोलादी साधने बसवली जातात, ज्यांना मझल डिव्हाइस म्हणतात. ही साधने घेताना बहुतेक नेमबाज झटका किती कमी होईल आणि गोळ्या किती जवळजवळ पडतील एवढेच विचारतात. त्या साधनामुळे स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या कानांवर काय आदळणार आहे हा प्रश्न सहसा मागे राहतो, आणि तो सर्वांत आधी विचारला जावा यासाठीच हे विवेचन आहे.

झटका कमी करण्यात सर्वांत प्रभावी आणि कानांना सर्वांत घातक असा प्रकार म्हणजे मझल ब्रेक. त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद खाचा असतात. वायू त्या खाचांच्या पुढच्या भिंतींवर आदळून बाजूला आणि काहीसा मागे वळतो, आणि या आदळण्यानेच रायफल पुढे ओढली जाऊन मागे येणारा धक्का घटतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसात दारू भरपूर असल्याने झटक्यात वायूचा वाटा मोठा असतो, म्हणून तिथे ब्रेकचा गुण लगेच जाणवतो, उलट .२२ लाँग रायफलच्या काडतुसात दारू चिमूटभरच असते आणि गोळी तोंडाशी पोहोचेपर्यंत वायूचा दाब बराच ओसरलेला असतो, त्यामुळे त्या रायफलीवर ब्रेक केवळ शोभेपुरता उरतो. कॉम्पेन्सेटर हे ब्रेकचेच भावंड असून ते वायूला मुख्यतः वर सोडते आणि त्यायोगे उसळणारे तोंड खाली दाबून धरते. एकेएम या सोव्हिएत रायफलीच्या तोंडाला दिलेला तिरपा काप याच कामासाठी आहे. फ्लॅश हायडर मात्र ज्वाला विखुरण्यापुरते असते आणि झटक्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. अमेरिकी एम-१६ रायफलीचे सुरुवातीचे तीन पाकळ्यांचे फ्लॅश हायडर झाडाझुडपांत अडकत असे, म्हणून त्याच्या पाकळ्या पुढे कड्याने जोडण्यात आल्या, आणि एम-१६ए२ या आवृत्तीत खालच्या खाचा बुजवण्यात आल्या, जेणेकरून पालथे पडून गोळी झाडताना समोरची धूळ उडू नये. एवढ्याशा पोलादी टोपणाच्या रचनेत वायू कुठे जातो हाच सगळा प्रश्न असतो हे यावरून ध्यानात येते.

अचूकतेविषयीच्या समजुतींत बरीच गल्लत आढळते. नळीच्या तोंडाची कडा, जिला क्राउन म्हणतात, ती जर कुठे चेपलेली किंवा झिजलेली असेल तर वायू एका बाजूने क्षणभर आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलून तिला डुलवतो. तोंडावर चढवलेले साधन नळीच्या अक्षाशी समकेंद्र नसेल तर तोच दोष वेगळ्या रूपाने पुन्हा शिरतो, आणि फार वाईट प्रसंगी गोळी साधनाच्या आतल्या भिंतीला घासते. शिवाय गोळी झाडली जाताना नळी कंप पावते, आणि तिच्या टोकाला वजन जोडले की या कंपनाची लय बदलून गोळ्या पूर्वीपेक्षा वेगळ्या जागी पडू लागतात. त्यामुळे साधन बसवल्यावर किंवा काढल्यावर दुर्बीण नव्याने झिरो करणे, म्हणजे नेमाचा बिंदू आणि गोळी लागण्याचा बिंदू पुन्हा जुळवून घेणे, टाळता येत नाही. ब्राउनिंग कंपनीच्या बॉस नावाच्या योजनेत टोकाचे वजन पुढेमागे फिरवून हीच लय काडतुसाशी जुळवता येत असे, परंतु ती करामत वजनाची होती, खाचांची नव्हे. ब्रेकमुळे रायफल मुळात अधिक अचूक होत नाही. तो फक्त झटका कमी करून नेमबाजाला दुर्बिणीतून नजर न ढळवता लक्ष्य पाहू देतो आणि झटक्याच्या भीतीने चाप ओढताना अंग आखडण्याची सवय काही अंशी रोखतो. तथापि अंग आखडते ते केवळ झटक्याने नव्हे तर धमाक्यानेही, आणि धमाका ब्रेकमुळे वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते हे उघड होते.

यासंदर्भात आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम बोलका आहे. रायफल प्रकारांत कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक या दोहोंना त्याने मनाई केली आहे. ५० मीटरवरील लक्ष्यपत्रात दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात मिळवलेले विश्वविजेतेपद असो किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक असो, ही कामगिरी अशा कोणत्याही साधनाविना झालेली आहे. उत्तम नळी, रायफलीशी जुळणारे काडतूस, स्थिर बैठक आणि श्वासावरचा ताबा यांची जागा तोंडावरचे टोपण घेऊ शकत नाही.

प्रस्तुत लेखकाला या विषयाचे गांभीर्य कळले ते अमेरिकेतील एका रेंजवर, जिथे नेमबाजांची रांग पत्र्याच्या छपराखाली होती आणि दोन बाकांत जेमतेम दोन-अडीच हातांचे अंतर होते. डावीकडच्या बाकावर ब्रेक चढवलेली मॅग्नम रायफल घेऊन एक शिकारी आला, आणि त्याच्या पहिल्याच गोळीसरशी शेजारच्या बाकावरची रिकामी काडतुसे खणखणत सरकली, धुळीचा पापुद्रा उडाला आणि हादरा नाकाच्या वरच्या हाडांत व छातीत जाणवला. लेखकाच्या कानांवर इअर मफ होते आणि रेंजच्या नियमांची पूर्तता त्यांनी होत होती. परंतु संरक्षक चष्म्याची दांडी डाव्या मफच्या गादीखालून जात असल्याने तिथे बारीक फट राहिली होती, वरून पत्र्याचे छप्पर प्रत्येक धमाका परत खाली फेकत होते. त्या रात्री डाव्या कानात सुरू झालेली बारीक, एकसुरी शीळ, जिला वैद्यकात टिनिटस म्हणतात, ती पुढे कधीच पूर्ण थांबली नाही, आणि श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास डाव्या कानाची रेषा खाली घसरलेली दिसली. त्या घसरणीचा अर्थ रोजच्या बोलण्यात उमगतो, कारण ‘स’सारख्या व्यंजनांची सळसळ वरच्या पट्टीतच असते आणि ती विरली की गजबजलेल्या दुकानात ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक करणे कठीण जाते.

डावा कानच का, याचेही उत्तर सरळ आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा उजवा गाल दस्त्यावर टेकलेला असतो, डोके किंचित वळलेले असते, आणि डावा कान नळीच्या तोंडाच्या अधिक समोर येतो, तर उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. म्हणूनच वर्षानुवर्षे नेमबाजी केलेल्या लोकांत डाव्या कानाची हानी अधिक दिसते, आणि डावखुऱ्यांत हे उलटते. बहुतेक रायफलींचा धमाका नेमबाजाच्या कानाशी १५५ ते १७० डेसिबलच्या दरम्यान असतो, आणि क्षणिक आवाजासाठी धोक्याची रेषा सर्वसाधारणपणे १४० डेसिबलवर आखली जाते. डेसिबल हे लघुगणकी माप असल्याने सहा डेसिबलची वाढ म्हणजे हवेच्या दाबाची दुप्पट वाढ होय; ब्रेकमुळे नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानाशी साधारण पाच ते दहा डेसिबलची भर पडते, यावरून तिचे वजन कळावे. मोठ्या आवाजाला मध्यकर्णातील स्नायू आखडून विरोध करतो खरा, पण त्या प्रतिक्षेपाला लागणाऱ्या वेळात गोळीचा धमाका येऊन गेलेलाही असतो. अंतर्कर्णातील कॉक्लिया या शंखाकृती नलिकेत आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील अभ्यासातून दाखवली: श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत झालेली दिसत असतानाही केसपेशी आणि श्रवणचेता यांना जोडणारे असंख्य दुवे कायमचे तुटलेले होते. म्हणून रेंजवरून परतल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटले आणि सकाळी मोकळे झाले, तर त्यात हायसे वाटण्यासारखे काही नसते.

ब्रेकच्या नेमके विरुद्ध काम सप्रेसर करतो, ज्याला लोकभाषेत सायलेन्सर म्हणतात. तो वायूला आतल्या कप्प्यांत कोंडून, थंड करून सावकाश सोडतो. त्याचे पेटंट हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ मध्ये मिळाले, आणि त्यांचे वडील सर हायरम मॅक्सिम, ज्यांनी मॅक्सिम मशीनगन घडवली, ते उतारवयात जवळजवळ ठार बहिरे झाले होते. सप्रेसरने आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो, म्हणजे १६५ डेसिबलची रायफल धोक्याच्या रेषेजवळ येते, नीरव होत नाही. शिवाय गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून, अधिक असेल तर तिचा हवेतला कडाका कोणत्याही सप्रेसरला रोखता येत नाही. फिनलंड आणि नॉर्वेमध्ये शिकाऱ्यांत तो सर्रास वापरला जातो. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. भारतात मात्र बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला घटवणारी जोडसाधने शस्त्र नियमांनुसार निषिद्ध वर्गात मोडतात, त्यामुळे इथल्या नेमबाजाने तो विचारही मनात आणू नये आणि सगळी भिस्त कानांवर घालायच्या साधनांवरच ठेवावी.

आपल्याकडे एन. सी. सी. च्या शिबिरांत आणि गावोगावच्या रेंजवर कानात कापसाचा बोळा घालून गोळीबार करण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. कापूस धमाक्याला जवळजवळ काहीच अडवत नाही, आणि संरक्षण झाल्याचा भास मात्र देतो, म्हणून तो उघड्या कानाहूनही फसवा ठरतो. फोमचा इअर प्लग स्वस्त असून नीट बसवला तर उत्तम काम देतो. तो बोटांत वळून सुरकुती न पडू देता बारीक करावा, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी म्हणजे कर्णनलिका सरळ होते, प्लग खोलवर सरकवावा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. समोरून पाहणाऱ्याला त्याचे टोक कानाबाहेर डोकावताना दिसले तर तो बसलेला नाही असे समजावे. त्यावर मफ चढवल्यास दोघांच्या क्षमतांची बेरीज होत नाही, अधिक क्षमतेच्या साधनात सुमारे पाच डेसिबलचीच भर पडते, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो. तरीही ती भर मोलाची आहे, कारण मफची गादी चष्म्याच्या दांडीने उचलली गेली किंवा दस्त्यावर गाल टेकताना वाटी सरकली, तरी आतला प्लग जागेवर असतो. मॅग्नम काडतूस, ब्रेक, बंदिस्त रेंज किंवा पत्र्याचे छप्पर यांपैकी एकही गोष्ट असेल तर दोन्ही एकत्र घालावीत. बोलणे ऐकू देऊन धमाका तेवढा दाबणारे इलेक्ट्रॉनिक मफ सूचना ऐकण्यासाठी फार सोयीचे आहेत, पण महासंघाच्या स्पर्धांत खेळाडूला आवाज ग्रहण करणारे कोणतेही साधन चालत नसल्याने स्पर्धकाने साध्या साधनांचीच सवय ठेवावी.

उरतो प्रश्न शेजाऱ्यांचा, आणि तो नेमबाजाच्या सौजन्याचा असण्यापेक्षा जबाबदारीचा अधिक आहे. ब्रेक वायू बाजूला आणि मागे फेकतो, त्यामुळे नेमबाजाच्या खांद्याशी उभा राहणारा प्रशिक्षक, बाजूला बसून दुर्बिणीतून गोळ्यांचे ठिकाण सांगणारा सोबती आणि शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूस यांच्या कानांवर भार अधिक पडतो. ब्रेक असलेली रायफल रांगेच्या टोकाला न्यावी, गोळी झाडण्याआधी शेजाऱ्याला सांगून तो कान झाकेपर्यंत थांबावे, आणि आटे असलेल्या नळीवर सरावापुरते ब्रेक काढून आटे जपणारे टोपण लावणे शक्य असेल तर तसेच करावे. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनाही हे लागू आहे: तिच्या तोंडावर कोणतेही साधन नसले तरी तिचा धमाका १४० डेसिबलची रेषा सहज ओलांडतो, आणि माचाणावर सोबत बसलेल्या मुलाच्या कानांची काळजी घेणारे दुसरे कोणी तिथे नसते.

एवढे करूनही एखाद्या धमाक्यानंतर कानात शीळ उठली, कान दडला किंवा एका बाजूने आवाज फाटल्यासारखा येऊ लागला, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा, आणि दुसऱ्या दिवशीही लक्षण टिकून राहिल्यास ‘आपोआप जाईल’ म्हणून वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे. अशा आघातात डॉक्टर काही रुग्णांना स्टेरॉइड देतात आणि ते उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू झाले तर लाभाची शक्यता अधिक असते. ज्यांनी नुकतीच नेमबाजी सुरू केली आहे त्यांनी पहिल्या सरावाआधीच एक श्रवणचाचणी करून तिचा आलेख जपून ठेवावा, आणि वर्षातून एकदा नवा आलेख त्याच्याशेजारी ठेवून ३,००० ते ६,००० हर्ट्झमधली रेषा तपासून पाहावी.