पाऊस बिघडला की गल्ल्यात काय होतं? किराणा दुकानदारासाठी महागाईचं गणित

दुकान टाकायचं ठरवलं की आपण जागा बघतो, भाडं बघतो, रॅक आणि फ्रीजचं कोटेशन घेतो. हवामान मात्र कोणीच बघत नाही. मीपण बघितलं नव्हतं. बीबीएला सप्लाय आणि डिमांडची आकृती दहा वेळा काढली, पण ती खरी समजली २०२३ साली, आणि त्याची फी मी २२ हजार रुपये भरली. ते पुढे सांगतो.

आधी टोमॅटोची गोष्ट. २०२३ च्या उन्हाळ्यात ऊन, अवकाळी पाऊस आणि रोग यांनी पीक मारलं. त्याआधी भाव पडलेले असल्यामुळे बऱ्याच शेतकऱ्यांनी लागवडही कमी केली होती. जुलैमध्ये किरकोळ बाजारात बऱ्याच ठिकाणी टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला. त्या महिन्यात देशाचा किरकोळ महागाई दर ७.४४ टक्के होता, आणि भाजीपाल्याची महागाई ३७ टक्क्यांच्या वर.

आता तुम्ही म्हणाल, आपण कुठे भाजी विकतो? मीही हेच म्हणत होतो. पण त्या महिन्यात माझ्या दुकानात बिस्किटाचे मोठे पुडे पडून राहिले. शाम्पूच्या बाटलीऐवजी पुड्या जायला लागल्या. काजू-बदामाकडे कोणी बघेना. दर महिन्याला यादी घेऊन येणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "दादा, भाजीतच पैसे संपले, या वेळी तेल एकच पिशवी द्या." घराचं बजेट एकच असतं. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्च सर्वेक्षणानुसार गावाकडच्या घरात खर्चातले साधारण ४६ टक्के खाण्यावर जातात, शहरात ३९ टक्के. भाजी महागली म्हणून पगार वाढत नाही, आणि जेवण थांबत नाही. मग कात्री लागते ती ज्याच्यावाचून चालतं त्या मालाला. नेमका त्याच मालात आपलं मार्जिन जास्त असतं!

दुसरी गोष्ट तूरडाळीची, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. समजा डाळीची खरेदी ११० रुपये किलोने पडते. ५० किलोचा कट्टा ५,५०० रुपयांचा. किलोमागे ८ रुपये सुटले तर कट्ट्यामागे ४०० रुपये, म्हणजे सात टक्क्यांच्या थोडं वर. आता भाव १६० झाला. तोच कट्टा ८,००० चा. तुम्ही किलोमागे १२ रुपये लावायला जाल, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, कारण डाळीचा भाव प्रत्येक घराला पाठ असतो. म्हणजे सुटणार ८ च रुपये, पण आता तो नफा पाच टक्के झाला. महिन्याला पाच कट्टे लागत असतील तर आधी २७,५०० गुंतायचे, आता ४०,०००. जास्तीचे साडेबारा हजार कुठून आणणार? त्यात उधारी वाढते, कारण गिऱ्हाइकाचीही ओढाताण चालू असते. लोकांना वाटतं महागाईत दुकानदाराची चांदी. अहो, वर्किंग कॅपिटलच आटतं.

आणि हा भाव दोन महिन्यांत उतरत नाही. टोमॅटोचं रोप लावलं की साधारण दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. म्हणून जुलैत दोनशेला गेलेला टोमॅटो सप्टेंबरात इतका पडला की शेतकऱ्यांना तो फेकून द्यायची वेळ आली. तूर जून-जुलैत पेरतात आणि हाती येते डिसेंबर-जानेवारीत. एक हंगाम गेला की पुढच्या हंगामापर्यंत थांबावंच लागतं. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्यामुळे तूरडाळ २०२४ मध्येही बराच काळ महागच राहिली. भाव वाढला की पहिला प्रश्न हा विचारा, की हे पीक परत यायला किती महिने लागतात?

आता माझे २२ हजार. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी नाशिक भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. मोबाईलवर शेतात पडलेल्या कांद्याचे फोटो फिरत होते. मला वाटलं, भाव भडकणार. नव्या डीप फ्रीजसाठी ठेवलेल्या पैशातून ३८ रुपयांनी २० गोण्या, म्हणजे हजार किलो कांदा उचलला. आई म्हणाली होती, "लाल कांदा आहे तो, चाळीत ठेवायचा उन्हाळी कांदा नाही. टिकणार नाही." मी हसलो.

८ डिसेंबरपासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बाहेर जाणारा माल देशातच राहिला आणि भाव घसरले. मी थांबलो, वाट बघितली, आणि गोणीतून वास यायला लागला. २०० किलो टाकून दिला, उरलेला सरासरी २० रुपयांनी काढला. ३८ हजाराचे १६ हजार आले.

पावसाचा अंदाज माझा बरोबर होता, चुकलं ते पुढचं. शेतमाल महागला की सरकार मध्ये पडतंच. त्याच वर्षी जूनमध्ये तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा आली होती, जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी. त्यामुळे अवकाळीच्या बातमीवर नाशवंत माल भरून ठेवणं हा आपला धंदाच नाही.

मग मी काय करतो? खरेदीच्या वहीत तूरडाळ, तेल, साखर, तांदूळ यांचा दर आठवड्याचा खरेदी भाव लिहितो. सलग तीन आठवडे चढला की कट्टे कमी आणि फेऱ्या जास्त. तुरीशेजारी मसूर आणि मूग पुढच्या रॅकवर आणतो, पाव किलोच्या पुड्या आधीच बांधून ठेवतो. जून ते सप्टेंबर वीस हजार रुपये बँकेत वेगळे ठेवतो, फक्त भाववाढीसाठी. आणि उधारी एका घरामागे दीड हजाराच्या वर जाऊ देत नाही, मग तो मित्र असो की पाहुणा. यावरून माझी एका मावसभावाशी सहा महिने बोलाचाल बंद होती. आता तो रोखीने नेतो.

तुमच्या भागात कोणत्या मालाचा भाव पावसावर सगळ्यात जास्त हलतो, तेवढं आज वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत ती वही कशी आखायची ते दाखवतो.