गुडघेदुखीचे इंजेक्शन आणि हाडांचे आरोग्य

गुडघे दुखू लागले की विश्रामबागेतून मिरजेचा रस्ता धरणारे लोक कमी नाहीत. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि लांबलांबच्या रुग्णांची वाट इकडे वळली. “मागचं इंजेक्शन लागू पडलं, तेच द्या,” असे सांगणारे रुग्णही पुष्कळ असतात. सांध्यात दिले जाणारे हे इंजेक्शन बहुधा स्टेरॉईडचे असते. त्याचे गुण-दोष आपण समजून घेतले पाहिजेत.

झिजेच्या संधिवातात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्याला सूज येते. स्टेरॉईड सूज दाबते. काही आठवडे आराम पडतो. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही. सांध्यात हे औषध टोचण्याची पद्धत अमेरिकेत डॉ. हॉलंडर यांनी १९५१ साली मांडली.

२०१७ साली अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉईड, तर निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. दोन वर्षांनी स्टेरॉईडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मि.मी., तर इतरांची ०.१० मि.मी. झिजली होती. वेदनेत लक्षणीय फरक नव्हता.

२०१९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी खुबा किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या ४५९ रुग्णांची पाहणी मांडली. त्यांपैकी ३६ जणांत, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांत, सांधा बिघडलेला आढळला. बहुतेकांची झीज वेगाने वाढली होती. काहींच्या कूर्चेखालील हाडाला बारीक तडा गेला होता, तर काहींच्या हाडाचा भाग रक्ताअभावी मृत झाला होता. हे सारे इंजेक्शनामुळेच झाले, असे यावरून सिद्ध होत नाही. पण सावध राहण्यास एवढे पुरेसे आहे.

औषधाचा काही अंश रक्तातही उतरतो. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, हे सर्वमान्य आहे. एखाद्या इंजेक्शनाचा असा परिणाम अल्पकाळ टिकतो. परंतु दोन्ही गुडघे, खांदा, टाच अशी इंजेक्शने वारंवार घेतल्यास मात्रा साठत जाते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे आधीच विरळ होत असतात. त्यांनी अधिक जपावे.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारा. नाव, तारीख व सांधा वहीत लिहा. डॉक्टर बदलल्यास ती वही दाखवा.

२) एकाच सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर हवे.

३) मधुमेह असल्यास आधी सांगा, काही दिवस साखर वाढते.

४) सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असल्यास आधीचे तीन महिने इंजेक्शन टाळावे, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

५) इंजेक्शनानंतर दुखणे एकाएकी वाढले, पाय टेकवेना, तर दुसरे इंजेक्शन मागू नका; आधी तपासणी करून घ्या.

मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे, हेच मूळ उपचार आहेत. इंजेक्शनाने मिळालेला आराम कामाचा बोजा वाढवण्यासाठी नव्हे, तर हा व्यायाम सुरू करण्यासाठी वापरावा.