शोमरोनीच का?

प्रश्न : ‘चांगला शोमरोनी’ हा दाखला लहानपणापासून उपदेशात ऐकत आलोय. अडलेल्याला मदत करा, एवढंच सांगायचं होतं तर येशूने त्यासाठी शोमरोनीच का आणला? आणि ख्रिस्ती विश्वासाशी याचा नेमका संबंध काय?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : एवढंच सांगायचं असतं तर एखादा सज्जन यहुदीही चालला असता. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटलेला माणूस अर्धमेला पडलाय. याजक बघून पलीकडून जातो, मग लेवी जातो. आता आपल्यातला साधा गृहस्थ येणार, असं ऐकणाऱ्यांना वाटलं असेल. येतो शोमरोनी! त्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाडलं होतं. यहुदी-शोमरोनी वैर तेव्हाही जुनंच होतं. त्यातही गंमत अशी, की नुकतंच नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला थारा नाकारलाय आणि याकोब-योहान त्या गावावर आकाशातून अग्नी मागायला निघालेत. ही गोष्ट येशू सांगतो ती त्यानंतर.

हा दाखला एका शास्त्र्याला दिलेलं उत्तर आहे. त्याने येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? म्हणजे रेघ कुठे मारू, हे त्याला हवं होतं. येशू प्रश्नच उलटवतो : त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला? यहुदी ऐकणाऱ्याची जागा आता गाढवावर नाही, खाली धुळीत आहे, आणि ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्याच हाताने जखमेवर तेल-द्राक्षारस पडतोय. संत ऑगस्टीनने तर पडलेला माणूस म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे मंडळी, असा अर्थ लावला. उतारशाळेचा मालक म्हणजे पौल, हे मात्र मला ओढूनताणून वाटतं. पण मुळात ऑगस्टीनला जे दिसलं ते खरं आहे : ख्रिस्ती माणूस आधी उचललेला असतो, उचलणारा नंतर होतो. मदत करून सार्वकालिक जीवन कमवायचं, असा हिशेब या दाखल्यात बसत नाही.

तुम्ही बडोद्याचे, म्हणून तुमच्याच गावातली एक हकिकत. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारशाळेत पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाड्याने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे! संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचं कबूल करून आंबेडकर दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र हळहळला, संतापलाही. पण तुम्ही आलात तर नोकर निघून जातील, म्हणाला. दुसरा मित्र ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. नवराबायको दोघेही मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर नवरा मोकळ्या विचारांचा झाला होता, बायकोचं सोवळं सुटलं नव्हतं. हे उत्तर म्हणजे सभ्य नकार होता, हे आंबेडकरांना मागाहून कळलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले.

दाखल्यातला याजक क्रूर होता असं लूक म्हणत नाही. तो फक्त पलीकडून गेला. बडोद्यातल्या त्या ख्रिस्ती मित्राकडेही दुष्टावा नव्हता, घरची अडचण होती. बाप्तिस्मा होऊनही चुलीपाशी जात जागी राहते, हे आपल्या मंडळ्यांना चांगलंच ठाऊक आहे, फक्त उपदेशात त्याचा उल्लेख सहसा होत नाही. आणि शोमरोन्याने तर दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, पदरची मोजून वर जास्त खर्च झाला तर परतताना देतो म्हणून सांगितलं. आंबेडकर भाडं स्वतःच भरत होते.